वडदऱ्याचं लाल कार्ड

"मामा, आज टाकीत टीसीएल टाकली नाही तुम्ही," मी म्हणाले.

"टाकली की," जोतिराममामा म्हणाले.

"मग हे काय?" मी काचेची नळी त्यांच्या नाकासमोर धरली.

टीसीएल म्हणजे पाण्याच्या टाकीत टाकायची ती पांढरी पूड. तिच्यातलं क्लोरीन नळापर्यंत पोचलं असेल, तर नळीतल्या पाण्यात औषधाचा एक थेंब टाकला की पाणी पिवळं होतं. एवढं साधं शास्त्र. माझ्या नळीतलं पाणी मात्र जसंच्या तसं होतं. तिसऱ्यांदा करून बघितलं होतं मी. जोतिराममामा नळीकडे बघतच नव्हते, ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वडदरे गावाची खालची वस्ती, अकरा घरं, दोन नळ, आणि पाईपलाईनचं शेवटचं टोक. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पंचायत समितीत कंत्राटावर नोकरी होती, आणि गावोगावच्या पाणी योजना वर्षातून एकदा तपासायच्या हे काम होतं. तपासून झालं की गावाला कार्ड द्यायचं. हिरवं म्हणजे पाणी सुरक्षित, लाल म्हणजे धोका. वडदऱ्याला सलग चार वर्षं हिरवं मिळालं होतं. हे पाचवं. पाचव्यांदा हिरवं मिळालं की चंदेरी कार्ड आणि जिल्ह्याच्या गावी सत्कार, असा नियम होता. त्यामुळे हे काम म्हणजे नुसता सोपस्कार आहे, असं मी घरून निघतानाच ठरवून टाकलं होतं.

जोतिराम मदने हे गावचे पाणीवाले. एकोणीस वर्षं टाकीत टीसीएल टाकायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, लोकांच्या शिव्या खायच्या. उंच, काटकुळे, आणि उजवा गुडघा धरून चालणारे.

"मी खोटं कशाला बोलू, ताई?" ते म्हणाले. "वरच्या आळीत जाऊन बघा. चांगलं पिवळंधम्मक हुतंय."

"मग इथं का होत नाही?"

त्यांनी नळाकडे बघितलं. नळाचं पाणी बंद व्हायला आलं होतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वस्तीतल्या बायका भरलेले हंडे घरात नेत नव्हत्या. प्रत्येकीनं आपापल्या उंबऱ्याबाहेर हंडे, कळशा मांडून ठेवल्या होत्या, झाकणं काढून. आणि त्या उभ्या होत्या. कुणी दात घासत, कुणी केस विंचरत, पण उभ्या.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तुमी आलाय म्हनून जोतीभाऊ लाजतोय," पहिल्या घराच्या फुलाबाई सकट म्हणाल्या. "जा की रं बाबा. च्या करायचा खोळंबलाय समद्यांचा."

जोतिराममामांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक बाटली काढली. आत स्वच्छ पाण्यासारखं काहीतरी होतं. बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडलेलं. ते फुलाबाईंच्या हंड्यापाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, आणि तोंडानं मोजत मोजत थेंब टाकले. मग कळशीत. मग पुढचं घर. अकरा घरं व्हायला अर्धा तास लागला. त्यांचं पुरं झालं तशा बायका पाणी उचलून आत गेल्या. कुणाला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं.

"टीसीएलची निवळी हाय," ते परत येऊन म्हणाले. "बादलीत कालवायची, खाली बसू द्यायची, वरलं निवळ पानी घ्यायचं. घरीच करतो."

"रोज?"

"दोन साल झाली."

मी फुलाबाईंच्या हंड्यातलं पाणी नळीत घेतलं. थेंब टाकला. पिवळं. अगदी नियमात बसणारं पिवळं.

नळी हातात धरूनच मी हिशेब केला. आम्ही तपासायला यायचो ते सकाळी अकरा-साडेअकराला. तोवर नळ कोरडे झालेले असायचे. मग कुणाच्या तरी घरात शिरून हंड्यातलं पाणी घ्यायचं, पिवळं झालं की फॉर्मवर टिक करायची, दिलेला चहा प्यायचा आणि निघायचं. गेली दोन वर्षं आम्ही वडदऱ्याची योजना तपासत नव्हतो. जोतिराममामांची बाटली तपासत होतो.

"दाखवा मला," मी म्हणाले. "कुठं बिघडलंय ते."

गावाच्या मधोमध नवा काँक्रीटचा रस्ता होता. त्याच्या कडेनं गटार. रस्त्याच्या एका वळणावर मामा थांबले आणि त्यांनी चपलेनं काँक्रीटवर थापटी मारली. "हितं खाली. रस्ता करताना मशीननं पाईपचा सांधा हलवला. पानी सुटलेलं असतं तवर बाहेर झिरपतंय. बंद झालं, पाईप मोकळा झाला, की हे गटाराचं आत वढून घेतंय. दुसऱ्या दिशी तेच खालच्या वस्तीत, आन् टीसीएल त्या घाणीतच मरती. वरच्या आळीला काय न्हाई, ती सांध्याच्या आधी हाय."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"समद्यांस्नी सांगितलं. सरपंचांस्नी, ग्रामसेवकांस्नी. ते म्हनायचे, लेका, हिरवं कार्ड हाय गावाला, तुज्या डोक्यात काय बिघडलंय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमास्नी बी सांगितलं हुतं, ताई. गेल्या साली. फुलाबाईच्या दारात."

मला काही आठवलं नाही. आठवायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. एवढंच आठवलं, की फुलाबाईंच्या चहात गवती चहा होता.

"मग मामा, ते थेंब टाकायचे एक दिवस थांबवले असते, तर आमच्या लक्षात आलं असतं ना!" माझ्यावरचा राग मी त्यांच्यावर काढला.

"थांबलो हुतो एक दिस," ते म्हणाले. "तुमच्यातलेच सायब येनार हुते. म्हटलं बघू देत. सायब आलेच न्हाईत, मीटिंग लागली म्हनं. फुलाबाईची लेक बाळंतपनाला आलेली. ती चार दिस सलाईनवर. पोटातलं जातंय का ऱ्हातंय अशी गत. वाचली दोघं बी. तवापास्नं न्हाई थांबलो."

आम्ही दोघंही त्या रस्त्याकडे बघत उभे राहिलो. रस्ता खरंच सुंदर होता.

"पुढल्या म्हैन्यात मला साठ पुरी हुत्यात," मामा म्हणाले. "रिटायर. गुडघा बी गेलाय. नवा मानूस घेतील. तो टाकीत टाकंल, व्हॉल्व फिरवंल. अकरा दारं कशाला फिरंल? त्याला कुनी सांगितलंय? बाटली बायकांच्या हातात दिऊन बघितली. एकीनं जास्त वतली, पोरांनी थुकून टाकलं. दुसरी आठ दिसांत इसरून गेली. ताई, तुमी लाल कार्ड द्या."

एखाद्या पाणीवाल्यानं स्वतःच्या गावासाठी लाल कार्ड मागितल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतरही ऐकलं नाही.

नऊ वाजता ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच हिंदुराव शेडगे म्हणजे पांढऱ्याशुभ्र कपड्यातला, मोठ्या आवाजाचा, पन्नाशीचा माणूस. त्यांनी आल्या आल्या पोहे मागवले. मी फॉर्म काढला आणि पोहे येण्याआधीच सांगून टाकलं. पोहे खाल्ल्यावर माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत मागं टेकले आणि एकदम थकल्यासारखे दिसले.

"मॅडम, तो रस्ता कसा झालाय ठाऊक आहे? नऊ वर्षं उंबरे झिजवले. का, तर माझी वहिनी. पावसाळ्यात जीप चिखलात रुतली, दवाखाना चार मैलावर, आणि बाई जीपमध्येच गेली. मी चाकाला खांदा लावून उभा होतो. त्या वळणावरच. आणि आज तुम्ही म्हणताय तो फोडा."

"एका जागी फोडायचा. पाच फूट. सांधा बदलायचा आणि परत भरायचा."

"लाल कार्ड म्हणजे गावाच्या तोंडाला काळं. लोक म्हणतील हिंदुरावानं रस्ता केला आणि गावाला गटार पाजलं. पुढच्या रस्त्यासाठी कुणी दारात उभं करंल का मला?" ते पुढं झुकले. "एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही लाल द्या. मी फेरतपासणी मागवीन. नियमात आहे. तुमचे वरचे साहेब येतील. कधी येतील?"

कधी येतील ते मला ठाऊक होतं. अकराला येतील. हंड्यात बघतील. उंटावरून शेळ्या हाकणं आमच्या खात्याला कुणी शिकवायला नको होतं.

जोतिराममामा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "सरपंच, जरा बोलायचं हुतं. ताईंनी भाईर बसावं."

मी बाहेर पायरीवर बसले. दार लोटलं गेलं. वीस मिनिटं झाली असतील. आत आवाज चढला तो हिंदुरावांचा, मामांचा ऐकूच आला नाही. मग ग्रामसेवकाला आत बोलावलं गेलं.

दार उघडून मामा बाहेर आले. हातात माझा फॉर्म होता, त्यावर सरपंचांची सही होती. निष्कर्ष मान्य, फेरतपासणीची मागणी नाही. मला इतका आनंद झाला, की फॉर्मला टाचलेला दुसरा कागद मी दोनदा वाचला तेव्हा कुठं कळला. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर ग्रामसेवकाच्या अक्षरात लिहिलं होतं, की पाईपच्या सांध्याला गळती असल्याचं पाणीपुरवठा कर्मचारी जोतिराम मदने यांनी ग्रामपंचायतीला कधीही कळवलं नाही, त्यांच्या या गंभीर हलगर्जीपणामुळे हा प्रकार घडला, आणि त्यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली मामांची सही होती. "कबूल आहे" असं लिहून.

"मामा, हे काय?" मी ओरडलेच. "कळवलं नाही? दोन वर्षं तुम्ही ओरडताय!"

"हळू बोला, ताई."

"मी ही खोटी गोष्ट घेऊन जाणार नाही. तुम्हाला धाक घातला त्यांनी. मी आत जाऊन—"

मामांनी हात जोडले. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस, भर रस्त्यात, माझ्यासमोर हात जोडून उभा. "सही करा," ते म्हणाले. "तुमच्या पाया पडतो. सही करा आनि कागद आज हापिसात पोचवा."

मी सही केली. मला काय वाटलं ते सांगते, कारण ते सांगायलाच ही गोष्ट लिहितेय. मला लाज वाटली. त्यांची आणि माझी, दोघांचीही. गरीब माणूस घाबरला आणि मोडला, असं मी मनाशी धरून चालले. आणि त्याच्या मोडण्यावर माझं लाल कार्ड बरोबर निघालं, म्हणजे मीही त्यातलीच. जीपमध्ये बसल्यावर मी मागं वळून बघितलं नाही.

लाल कार्ड निघालं. गटविकास अधिकाऱ्यांचा आदेश निघाला. तीन आठवड्यांत रस्ता पाच फूट फोडून सांधा बदलला, असा अहवाल आला. जोतिराम मदने यांना निरोपाचा नारळ मिळाला नाही. दोन महिन्यांनी माझी बदली झाली आणि वडदरे माझ्या रस्त्यातून गेलं. मी ते जाऊ दिलं, असं म्हणणं जास्त खरं.

अकरा वर्षांनी मी पुन्हा तिथं गेले, ती नव्या योजनेच्या पाहणीला. आता मी त्याच खात्यात अधिकारी होते, माझ्या हाताखाली चार पोरं होती. हिंदुराव भेटले. सरपंचपद केव्हाच गेलं होतं, आवाजही बसला होता. मी जोतिराममामांची चौकशी केली.

"आहे की. चला, मीच नेतो," ते म्हणाले. आणि चार पावलं चालल्यावर थांबले. "मॅडम, तुम्हाला वाटत असंल मी त्याला दाबला. गावालाही तसंच वाटतं. मी कुणाला खरं सांगितलं नाही, कारण त्यानं शपथ घातली होती. पण आता माझंही वय झालंय."

"काय झालं होतं आत?"

"तो कागद त्यानं सांगितला आणि ग्रामसेवकानं लिहिला. मी तर नको म्हणत होतो. म्हटलं, तुला म्हैन्यानं शाल-नारळ देऊन घालवायचं ठरलंय, अशी नाचक्की कशाला? तर म्हणाला, 'सरपंच, तुमी रस्ता फोडत न्हाई, कारन फोडला की चूक तुमची ठरती. मंग माझी ठरवा. मी कळवलंच न्हाई म्हना. तुमास्नी ठावंच नव्हतं, मंग तुमचा काय दोस? आता कळलं, आन् लगेच फोडला. गावात तुमचं नाव वाढंल. पर फेरतपासनी मागवू नगा.'" हिंदुरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मी वीस वर्षं राजकारण केलं, मॅडम. माझी अडचण इतकी नेमकी कुणी ओळखली नव्हती. आणि मी ते घेतलं. म्हणालो नाही, की बाबा, तू मला दोन वर्षं सांगत होतास. घेतलं."

अकरा वर्षं ज्या माणसाची मी मोडलेला म्हणून कीव केली, त्यानं त्या खोलीत सरपंचाला, ग्रामसेवकाला आणि मला, तिघांनाही आपल्याला हवं तिथं नेऊन उभं केलं होतं. त्याची किंमतही त्यानंच ठरवली होती आणि स्वतःच चुकती केली होती.

जोतिराममामा घराबाहेरच्या बाजेवर बसून शेंगा फोडत होते. गुडघ्यांनी पुरती रजा घेतली होती. नजर मात्र शाबूत. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"ताई! लठ्ठ झालात," ते खूश होऊन म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बाजेवर बसले. हिंदुराव जरा लांब, दगडावर. मी म्हणाले, "मामा, मला सगळं कळलं. तो कागद अजून आमच्या दप्तरात आहे. मी आता दुरुस्ती करू शकते. हिंदुरावही लिहून द्यायला तयार आहेत."

"कशाला?" मामा म्हणाले. "सांधा चांगला हाय न्हवं?"

"सांधा चांगला आहे."

"मंग झालं. मी काय, म्हैन्यानं घरीच बसनार हुतो. ह्यांस्नी," त्यांनी हिंदुरावांकडे मान वळवली, "गावात तोंड दाखवायचं हुतं."

हिंदुराव खाली बघत राहिले. मामांनी त्यांच्यापुढं शेंगांची मूठ धरली, आणि त्यांनी ती घेतली.

"राग नाही आला कधी?" मी विचारलं. "माझा तरी? मी त्याच्या आदल्या वर्षीच ऐकलं असतं तर—"

"आला हुता की. लई आला हुता. मी तळमळून सांगतोय आन् ही पोरगी चहा भुरकतीय." ते हसले. मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात कोरडा, खरखरीत होता. "पर तुमी ऐकून ठिवलं हुतं, ताई. बोलला न्हाईत, पर ध्यानात ठिवलं. न्हाईतर दुसऱ्या साली सहाच्या ठोक्याला, पानी सुटायला कशाला आला असता? एकोनीस सालात एक सरकारी मानूस सहाला आला न्हाई. तुमाला नळावर हुबं बघितलं आन् म्हटलं, जोत्या, कुनीतरी ऐकलंय रं. आता हे वाया जाऊ द्यायचं न्हाई. परत कोन येतंय? मंग काय बी लिवावं लागलं तरी चालंल. तेवढ्यापायी तर सही केली."

मी त्या दिवशी सहाला गेले, कारण आमच्या जीपच्या ड्रायव्हरच्या मेहुणीचं कराडला साडेबाराचं लग्न होतं. त्याला अक्षतांना पोचायचं होतं, म्हणून त्यानं मला पहाटे साडेचारला घरातून उचललं. वाटभर मी त्याच्यावर चिडचिड करत होते. जोतिराममामांचं बोलणं माझ्या ध्यानात नव्हतं. त्यांचं नावसुद्धा मी फॉर्मवर बघून घेतलं होतं.

मामा माझ्याकडे बघत होते. अकरा वर्षं त्यांनी ही एक गोष्ट धरून ठेवली होती.

"हो मामा," मी म्हणाले. "ऐकून ठेवलं होतं."